खाड्याचे पैसे

(धडगाव येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तहो, इंग्लंडच्या फुटबॉल लीगचे विक्रम तुमच्यातल्या कित्येकांना तोंडपाठ आहेत. मोबाइल आला तशी ती माहिती सातपुड्यातही आली. हालांडने २०२२-२३ च्या हंगामात ३६ गोल केले. आर्सेनल २००३-०४ साली अख्खा हंगाम न हरता खेळली, ३८ पैकी २६ जिंकले, १२ बरोबरीत. लेस्टर २०१६ साली चॅम्पियन झाली तेव्हा सुरुवातीचा सट्ट्याचा भाव एकाला पाच हजार होता. सगळं बरोबर आहे. पण विक्रमांच्या त्या वहीत एक रकाना नाही, आणि माझ्यासारख्याची नजर नेमकी तिथंच जाते. तो रकाना खाड्याचा. खेळायला गेला त्या दिवशी त्या माणसाचा खाडा पडला का, आणि पडला तर तो भरला कुणी?

खाडा म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. कामावर गेला नाहीस, त्या दिवसाची मजुरी गेली. ऊसतोडीच्या टोळीत खाडा आहे, मुंबईच्या गोदीतही आहे. मुकादम आजारपण मानत नाही, मयत मानत नाही, मग फायनल काय मानणार? मी गोदीत ठेक्यावर राबतो. एका मॅचसाठी दोन पाळ्या सोडल्या तर तीन कापल्या. का, तर म्हणे तुला खेळायचंय ना, मग खेळ. नाव घेत नाही मी ठेकेदाराचं. तुमच्याकडेही तोच असतो, फक्त टोपी वेगळी.

मला आज एवढंच मांडायचंय की जगातली ही पहिली फुटबॉल लीग, जिची टीव्हीवर एवढी आरती चालते, ती खाड्याच्या भांडणातून जन्माला आली. आणि ते भांडण आपल्या ओळखीचं आहे.

तुम्ही विचाराल, धडगावचा आणि त्या थंड देशाचा संबंध काय? संबंध कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. गुलामांकडून पिकवून घेतलेला तिथला कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी मरायला लागले. तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांना खानदेश आठवला, वऱ्हाड आठवला, गुजरात आठवला. खालच्या सपाटीवरचा कापूस मुंबईला आला, मुंबईच्या धक्क्यावर कुणाच्या तरी पाठीवर चढला, आणि आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला उतरला, कारण सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. तिथं या सगळ्या मालाला एकच नाव : 'सुरत'. खानदेश म्हणून कुणी ओळखलं नाही. आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला म्हणून तिथल्या विणकराने त्या 'सुरत'ला शिव्या घातल्या. सूत तुटायचं, आणि तुटलं की त्याची मजुरी कापली जायची. बघा, इथं वेचणारीला भाव नाही आणि तिथं विणणाऱ्याला पगार नाही, पण मुंबईत मधल्यामध्ये पैशाचा पूर आला. पुढं १८६५ ला तो फुगा फुटला. आजही हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथं आता कापसाची बोंडसुद्धा दिसत नाही.

तर ब्लॅकबर्न, डार्वेन, प्रेस्टन, बोल्टन, बर्नली, ॲक्रिंग्टन ही सगळी सुताची गावं. आणि फुटबॉलची लीग याच गावांतून निघाली. त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे : शनिवारची अर्धी सुट्टी. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि पोरांना शनिवारी दुपारी दोनला सोडावं लागलं. बायका-पोरं सुटली की पुरुषांचीही यंत्रं थांबायची. दुपारी दोनला भोंगा आणि तीनला मॅच, ही सवय तिथून लागली. इंग्लंडात आजही शनिवारी तीन ही मॅचची वेळ मानतात, ती गिरणीच्या भोंग्याने दिलेली.

आपल्याकडे हे भांडण नारायण मेघाजी लोखंड्यांनी केलं. सत्यशोधक माणूस. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. इंग्लंडची लीग १८८८ ची. म्हणजे तिकडे शनिवारच्या अर्ध्या दिवसावर लीग उभी राहिली तेव्हा आपला गिरणी कामगार अजून आठवड्याची एक सुट्टी मागत होता. आम्हाला खेळाची परंपरा नाही असं टीव्हीवर बसून शहाणे लोक सांगतात. परंपरा कुठून येणार रे? सुट्टीच नव्हती.

आता डार्वेनची गोष्ट. ही मला सगळ्यांत आवडते म्हणून जरा सावकाश सांगतो.

लीगच्या आधी एफ. ए. कप होता, बाद फेरीचा. ही स्पर्धा लंडनच्या साहेबलोकांची. ईटन, हॅरो असल्या बड्या शाळांतून शिकून निघालेले लोक खेळायचे, तेच नियम करायचे, तेच जिंकायचे. १८७९ साली डार्वेनच्या गिरणी कामगारांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर ओल्ड ईटोनियन्स. नियम असा की या फेरीपासून पुढचे सामने लंडनच्या ओव्हल मैदानावरच. साहेबाला टांग्यातून जायचं, आणि डार्वेनच्या पोरांना तीनशे किलोमीटरच्या वर रेल्वेने. पंधरा मिनिटं उरली तेव्हा ईटनवाले ५-१ ने पुढे होते. मग कामगारांनी पंधरा मिनिटांत चार गोल मारले. ५-५! डार्वेनचे म्हणाले, जादा वेळ खेळू. ईटनवाले म्हणाले, नाही. का खेळतील? ते दमले होते, आणि पुन्हा लंडनला यायचा खर्च त्यांना नव्हता. मग गावाने वर्गणी काढली, पोरं परत लंडनला गेली. २-२. पुन्हा वर्गणी, पुन्हा प्रवास, पुन्हा खाडा. तिसऱ्या वेळी ६-२ ने हरली. आता हे मैदानावर हरले की हिशोबात, तुम्हीच ठरवा. मी तर म्हणतो साहेबाने चेंडूपेक्षा रेल्वेच्या तिकिटाचा वापर जास्त हुशारीने केला.

त्या डार्वेन संघात दोन स्कॉटिश होते, फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह. सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट. डार्वेनला आल्यावर त्याने दगडकाम सोडून दिलं. इंग्लंडचा दगड फार कडक आहे, असं तो सांगायचा म्हणे. सगळ्या गावाला माहीत होतं की पोराला खेळायचे पैसे मिळतात. पण बोलायचं नाही, कारण फुटबॉलमध्ये पैसे घेणं पाप होतं. खेळाडू 'हौशी' असला पाहिजे.

हा 'हौशी' शब्द नीट पाहून घ्या. वरून स्वच्छ दिसतो, निरागस दिसतो. खेळासाठी खेळ, पैशासाठी नाही. पण १८७९ साली हेन्लीच्या नौकास्पर्धेवाल्यांनी 'हौशी'ची व्याख्या लिहून काढली तेव्हा पोटातलं ओठावर आलं. जो मजुरीसाठी कारागीर, यांत्रिक किंवा मजूर म्हणून काम करतो किंवा कधीकाळी करत होता, तो हौशी नव्हे. म्हणजे तुम्ही शर्यतीचा एक पैसा नका घेऊ, तरी चालणार नाही. हाताने काम केलंत ना, विटाळ झाला. हे तिकडे बसून लिहिलेलं आहे, पण वाचताना मला एकदम ओळखीच्या पोथीचा वास आला. आपल्याकडे बाळू पालवणकर १९११ च्या दौऱ्यात इंग्लंडला गेले आणि ११४ बळी घेऊन आले. पुण्यात जिमखान्यावर त्यांना चहा बाहेर, वेगळ्या पेल्यात मिळायचा. चेंडू चालायचा, हात चालत नव्हता. गोऱ्यांनी तेच काम पैशाच्या भाषेत केलं. एवढाच काय तो फरक, आणि तो फरक मोठा आहे हेही सांगतो. तिथला विणकर वर्गणी गोळा करून, संप करून त्या व्याख्येतून बाहेर पडला. आपल्याला त्याहून अधिक काही करावं लागलं.

१८८३ साली बदला घेतला गेला. ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाचा संघ. कुणी विणकर, कुणी सूत कातणारा, कुणी प्लंबर, कुणी लोखंडाच्या कारखान्यातला. एका कारखानदाराने पैसे घातले आणि फायनलच्या आधी पोरांना काही दिवस समुद्रकाठी ब्लॅकपूलला नेऊन सराव करून घेतला. म्हणजे खाडा भरला! समोर तेच ओल्ड ईटोनियन्स. यावेळी जादा वेळ झाला, आणि जिमी कॉस्टली नावाच्या सूतगिरणीतल्या पोराने गोल मारला. २-१. साहेबलोकांच्या हातातला कप पहिल्यांदा कामगारांकडे आला आणि पुन्हा कधी कुठल्या हौशी संघाकडे गेला नाही.

मग रडारड सुरू झाली. हे पैसे घेतात, हे बाटगे आहेत. १८८४ साली प्रेस्टनविरुद्ध तक्रार झाली. प्रेस्टनचा कर्ता माणूस विल्यम सडेल, गिरणीचा मॅनेजर. तो उभा राहिला आणि म्हणाला, हो, देतो पैसे, आणि इकडे सगळेच देतात. प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढलं. पण उत्तरेचे क्लब एकत्र आले. आमची वेगळी संघटना काढू, अशी धमकी दिली. आणि जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनला धंदेवाईक खेळाडू मान्य करावा लागला. साहेबाला चांगुलपणाची उपरती झाली असं समजू नका. फुटीची भीती वाटली.

पगार सुरू झाला तशी नवी अडचण आली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामने कधी होतील याचा नेम नाही. बाद फेरीत हरलात की घरी बसा. मॅच नाही तर गेटचा पैसा नाही, पगार कुठून द्यायचा? ॲस्टन व्हिलाचा विल्यम मॅकग्रेगर, मूळचा स्कॉटलंडचा, बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान चालवायचा. त्याने मार्च १८८८ मध्ये इतर क्लबांना पत्र लिहिलं की सगळ्यांनी सगळ्यांशी ठरल्या तारखांना खेळायचं, एकदा घरी, एकदा बाहेर. झाली लीग. १२ संघ. त्यातले सहा लँकेशायरचे : पाच गिरण्यांच्या गावांतले आणि सहावा, एव्हर्टन, लिव्हरपूलच्या गोदीच्या शहरातला. बाकी सहा मिडलँड्सचे. लंडनचा? एकही नाही.

लीग म्हणजे दुसरं काय, हजेरीपट. कामगाराला रोजंदारीवरून कायम करावं तसं खेळाडूला कायम केलं. पहिल्याच हंगामात प्रेस्टन २२ सामने न हरता खेळली, १८ जिंकले, ४ बरोबरीत. त्याच वर्षी कपही जिंकला, एकही गोल अंगावर न घेता. आर्सेनलच्या त्या विक्रमाचा हा पणजोबा. सडेलसाहेबांचं पुढं काय झालं? १८९५ साली गिरणीच्या पैशाच्या अफरातफरीत तुरुंगात गेले. खेळाडूंना पगार देणारा म्हणून मी त्यांना टाळी वाजवली होती. ती टाळी मागे घेत नाही, पण दुसरीही वाजवत नाही.

याच प्रेस्टनच्या गोलात १८८६-८७ ला एक काळा माणूस उभा असायचा. आर्थर व्हार्टन. १८६५ साली अक्राला, आजच्या घानात जन्मलेला. १८८६ ला शंभर यार्ड दहा सेकंदांत धावून इंग्लंडचा विजेता झाला. गोऱ्यांच्या देशात, गोऱ्यांच्या अजिंक्यपद स्पर्धेत. तो धावण्याकडे वळला आणि प्रेस्टनचा तो अजिंक्य हंगाम हुकला. नंतर रॉदरहॅम टाउन, शेफील्ड युनायटेड. जगातला पहिला काळा धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात. आज! खेळ सुटल्यावर तो यॉर्कशायरच्या कोळसा खाणीत मजुरीला गेला आणि १९३० साली मेला. कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो दगड १९९७ साली बसवला. सदुसष्ट वर्षं ज्याच्या कबरीवर नाव नव्हतं त्याचा आता पुतळा आहे. आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं, कारण पुतळे उभारायच्या कामात व्यवस्था फार तरबेज आहे.

आता मालकांनी काय केलं पाहा. पगार द्यावाच लागतो म्हटल्यावर त्यांनी पगाराला झाकण लावलं. १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड. मैदानात पन्नास हजार माणसं येवोत, गेटवर सोन्याचा पाऊस पडो, खेळाडूला चार पौंड. शिवाय क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. करार संपला तरी नाही! याला आपल्याकडे वेठ म्हणतात, सालदारकी म्हणतात. हे झाकण साठ वर्षं टिकलं. १९६० साली मर्यादा २० पौंड होती तेव्हा खेळाडूंच्या युनियनने संपाचा ठराव आणला. एका सभेत एक तरणा पोरगा उठून म्हणाला की माझा बाप खाणीत काम करतो, त्याला यापेक्षा कमी मिळतं, आपण कशाला मागायचं? बोल्टनचा टॉमी बँक्स, स्वतः खाणीत काम केलेला, उठला. त्याच्या उत्तराचा मतलब असा, की तुझ्या बापाला सांग, सोमवारी त्याची पाळी मी भरतो. शनिवारी तीस हजार लोकांसमोर त्याने येऊन स्टॅनली मॅथ्यूजला अडवावं. सभा फिरली. जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या तोंडावर मालक वाकले आणि झाकण उडालं. वर्षभर आधी वीस पौंडांवर खेळणाऱ्या जॉनी हेन्सला शंभर पौंड झाले.

मुली मागे का बसल्यात? पुढे या, हे तुमच्यासाठी आहे. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यात दारूगोळा करणाऱ्या बायकांनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच पाहायला ५३,००० लोक आत होते आणि हजारो बाहेर राहिले. १९२१ ला खाणमालकांनी टाळेबंदी केली तेव्हा बायकांच्या संघांनी खाणकामगारांच्या घरांसाठी मॅच खेळून पैसा गोळा केला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला असोसिएशनने ठराव केला की फुटबॉल बायकांना शोभत नाही, आमच्या मैदानांवर त्यांना खेळू द्यायचं नाही. ही बंदी उठली १९७१ साली. पन्नास वर्षं. आता महिलांच्या लीगचे नवे विक्रम होतात तेव्हा बातमीत 'पहिल्यांदाच' असा शब्द असतो. पहिल्यांदा नाही. मधली पन्नास वर्षं कापलेली आहेत.

विक्रमांचं म्हणाल तर मला वहीच्या तळातले विक्रमही जवळचे वाटतात. ५-५ वाल्या डार्वेनचं काय झालं? ते लीगमध्ये आले, आणि १८९८-९९ च्या हंगामात सलग १८ सामने हरले. ३४ सामन्यांत १४१ गोल खाल्ले. तीनदा १०-० ने. सलग १८ पराभव हा लीगचा विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे. छोटं गाव, गेटला पैसा नाही. ज्यांनी पाथरवटाला पगार देऊन हा धंदा सुरू केला, त्यांनाच तो धंदा परवडला नाही.

जो पेन हा बोल्सोव्हरच्या कोळसा खाणीवरचा पोरगा. १३ एप्रिल १९३६, लुटन टाउनचे पुढचे खेळाडू जखमी, म्हणून या मधल्या फळीतल्या गड्याला पुढे उभं केलं. त्याने ब्रिस्टल रोव्हर्सवर दहा गोल मारले. एका सामन्यात दहा! लीगमध्ये ते अजून कुणाला जमलेलं नाही. एव्हर्टनचा डिक्सी डीन, रेल्वेवाल्याचा मुलगा, १९२७-२८ साली ३९ सामन्यांत ६० गोल. हालांडचे ३६ ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ना? आणि डीनला पगार होता झाकणातला. तो १९८० साली मेला, तेसुद्धा गुडिसन पार्कवरच, मॅच बघता बघता.

आणि जिमी ग्लास. ८ मे १९९९. कार्लाइल युनायटेडला जिंकायलाच हवं, नाहीतर लीगमधून बाहेर. प्लिमथशी १-१, वेळ संपलेली, शेवटचा कॉर्नर. गोलकीपर ग्लास, उसनवारीवर आणलेला, स्वतःचा गोल सोडून पळत आला आणि चेंडू जाळ्यात घातला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो बुडालं. हा ग्लास पुढं टॅक्सी चालवायला लागला. मला वाईट वाटलं नाही. टॅक्सी चालवणं हे काही मरण नाही. फक्त त्याचा गोल टीव्हीवर दर वर्षी दाखवतात त्याचे पैसे कुणाला जातात, एवढं विचारावंसं वाटतं.

आता पुण्याकडे येतो. हे ऐकून काही जण चमकतील. ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८८८ च्या बारातला एक आणि १९९२ च्या प्रीमियर लीगच्याही संस्थापकांतला एक. दोन्हीकडे असलेले क्लब फक्त तीन : ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. पाथरवट सूटर डार्वेन सोडून याच क्लबात गेला होता. १९९५ साली हा क्लब ८१ वर्षांनी चॅम्पियन झाला, तोही हरून. १४ मे, लिव्हरपूलला २-१ ने हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला लंडनमध्ये वेस्ट हॅमने १-१ वर रोखलं. वेस्ट हॅम म्हणजे थेम्सच्या काठावरच्या जहाज कारखान्यातल्या कामगारांचा संघ. ब्लॅकबर्न ८९ गुण, युनायटेड ८८. ३४ गोल मारणारा ॲलन शिअरर हा न्यूकॅसलच्या पत्रेकाम करणाऱ्याचा मुलगा. पैसा गावच्याच पोलाद व्यापाऱ्याचा, जॅक वॉकरचा.

हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजने घेतला. कोंबड्यांचा धंदा करणारी आपल्या महाराष्ट्रातली कंपनी. किंमत २३ दशलक्ष पौंड. आपल्याकडच्या पेपरांची छाती फुगली. महिन्याभरात जुना मॅनेजर सॅम ॲलर्डाइस काढला. ७ मे २०१२ ला विगनकडून घरच्या मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या मॅचमध्ये प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात मॅनेजर कपडे बदलावेत तसे बदलले. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि कराराचे सव्वादोन दशलक्ष पौंड कोर्टातून घेऊन गेला. २०१७ साली ब्लॅकबर्न तिसऱ्या पायरीवर घसरली. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. वर्षभरात वर आली. आणि वर्षानुवर्षं तोटा मालकांनी आपल्या खिशातून भरला, हेही खरं आहे, ते झाकून मी बोलणार नाही.

पण एक बोलणं मी मुंबईत ऐकलंय, ते इथं ठेचून जातो. लोक म्हणतात, मस्त झालं. त्यांनी आपला कापूस नेला, आपण त्यांचा क्लब आणला. फिट्टंफाट. कुणाचं फिट्टंफाट, भाऊ? ज्या बाईने शहाद्या-तळोद्याच्या शेतात पाठीचा कणा मोडेपर्यंत कापूस वेचला तिला त्या क्लबाचा एक शेअर मिळाला? ज्या विणकराची मजुरी तुटक्या सुतापायी कापली, त्याचा पणतू आज स्टँडात उभा राहून गळा काढतोय, त्याने तुमचं काय घेतलं होतं? सप्टेंबर १९३१ मध्ये गांधी डार्वेनला गेले. त्यांच्या बहिष्कारामुळे तिथल्या गिरण्यांत बेकारी आली होती, तरी कामगार बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी केली. तो फोटो प्रसिद्ध आहे. (लंडनला त्याच दिवसांत गोलमेजवर बाबासाहेब त्यांच्याशी भिडत होते. तो विषय आज काढत नाही, काढला तर रात्र होईल.) त्या बायकांना कळलं होतं ते आपल्या पेपरवाल्यांना कळत नाही. मालकाचा रंग बदलला की स्टँडातल्या माणसाचा बदला होतो, हे गणित मला तरी मान्य नाही.

मी गोदीतला, म्हणून गोदीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय बसणार नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये लिव्हरपूलच्या सुमारे ५०० गोदी कामगारांना कामावरून काढलं, कारण त्यांनी दुसऱ्या कामगारांनी धरलेली रांग ओलांडायला नकार दिला. २० मार्च १९९७ ला लिव्हरपूलचा रॉबी फाउलर, तिथल्याच वस्तीतला पोरगा, युरोपच्या एका सामन्यात गोल मारून शर्ट वर करतो, आणि आत बनियनवर त्या कामगारांना पाठिंबा. युएफाने दंड केला, २,००० स्विस फ्रँक. चार दिवसांनी लीगमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याला पेनल्टी मिळाली, तर तो पंचाला सांगायला लागला की मला पाडलं नाही, पेनल्टी देऊ नका. त्याबद्दल फिफाकडून कौतुकाचं पत्र. म्हणजे पंचाशी खरं बोललास तर शाबास, मालकाबद्दल खरं बोललास तर दंड. ते कामगार जानेवारी १९९८ पर्यंत लढले. जिंकले नाहीत. आमच्या धक्क्यावर एखादा खलाशी लाल शर्ट घालून उतरतो तेव्हा मी आधी फाउलरचं नाव घेतो. भाषा कळत नाही, पण तो हसतो.

आता कामाचं. तुमच्या मंडळात कितीतरी पोरं-पोरी चांगली खेळतात. निवड चाचणी असते नंदुरबारला, घाट उतरून. एस.टी.चं भाडं आपलं, जेवण आपलं, आणि घरातला एक कमावता हात दिवसभर गेला त्याचा खाडा आपला. म्हणून पोरगं जात नाही. मग वर बसलेला म्हणतो, आदिवासी पोरांना पुढे यायचंच नाही. डार्वेनने वर्गणी काढली तशी आपण काढायची. नाव ठेवा खाडा फंड. बुटांसाठी नाही, बुटांचं नंतर पाहू. फक्त तीन गोष्टी : भाडं, जेवण, आणि त्या दिवसाची मजुरी, मुलाइतकीच मुलीलाही. कुणाकडून देणगी आली तर घ्या, पण शर्टवर नाव छापायच्या अटीवर घेऊ नका. वही दोघांनी ठेवायची, त्यातली एक मुलगी असावी. दर महिन्याला वही सगळ्यांसमोर वाचायची.

चाचणीची तारीख कळली की मला फोन करा. गोदीतून आम्ही सात जण आहोत, आमचे प्रत्येकी एका पाळीचे पैसे पहिल्या खेपेला येतील. वही कोण लिहिणार, ते आत्ताच ठरवून घ्या.